नऊ तास चाळीस मिनिटं

जयाबाईनं दिवसभर जागचं न हलता एकवीस हजार पावलं चालून दाखवली, त्या दिवशी नीलम पोट धरून हसली होती.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागं एक गल्ली आहे. त्या गल्लीत चंपाबाई मगदुमांच्या घरामागच्या परड्यात दोन खोल्या. जयाबाई तिथं भाड्यानं राहायची आणि चाळीस वर्षं बिड्या वळत आली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. एकदा बसली की तिचं मनगट शिलाईयंत्राच्या चाकासारखं फिरत राहायचं. त्या मनगटावर लेकीनं, नीलमनं बांधलेल्या पावलं मोजणाऱ्या पट्टीला वाटलं, बाई चालतेय. संध्याकाळी फोनवर फुलं उधळली गेली आणि अक्षरं आली : शाब्बास, आज तुम्ही पंधरा किलोमीटर चाललात.

"म्हंजे कोगनोळी नाक्यापातुर गेलो की गं मी," जयाबाई म्हणाली. तिकडच्या बायकांसारखी ती स्वतःला 'गेलो, आलो' म्हणायची. "आनि पाय तर हितंच हाईत."

नीलमनं ते सगळं चित्रित केलं. तिचा धंदाच तो होता. बेळगावात टिळकवाडीला, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या फ्लॅटमध्ये बसून ती 'जमेल तेवढ्यात' नावाचा चॅनल चालवायची. दोन हजारांच्या आतल्या वस्तू घ्यायच्या, वापरायच्या आणि कुठली खरं बोलते, कुठली थापा मारते ते लोकांना सांगायचं. आधी ती एका कॉलेजात संगणक शिकवायची, त्यामुळं तिच्या बोलण्यात थोडी वर्गातली बाईगिरी होती आणि लोकांना ती आवडायची. तिचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ टॉवेलचा. पंचाची गुंडाळी करून तिनं त्याला मनगटावरची पट्टी बांधली होती, आणि पट्टीनं पंचाच्या नाडीचे ठोके दाखवले होते, बहात्तर. "स्वस्तातल्या यंत्राला माणूस आणि पंचा यांतला फरक कळेलच असं नाही," ती म्हणाली होती, "म्हणून त्याच्या आकड्यावर जीव टाकू नका."

सांगायचं एवढंच की ही बाई कशानं चटकन भुलणारी नव्हती. काही विचित्र दिसलं तर ती पहिला संशय यंत्रावर घ्यायची, दुसरा स्वतःवर.

फेब्रुवारीत तिनं झोप मोजणाऱ्या पट्ट्या घेतल्या. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक स्वतःच्या हातात, एक आईच्या आणि तिसरी नेहमीप्रमाणं पंचाला. पावलांपेक्षा हा विषय तिच्या जवळचा होता. सौम्या झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, नीलमला धड झोप नव्हती. अडीच तास, तीन तास. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, जायफळ घातलेलं दूध झालं. नवरा ओमकार उद्यमबागेतल्या फाउंड्रीत दिवसभर भट्टीपाशी उभा असायचा. तो अंथरुणाला पाठ टेकताच घोरायचा आणि ती छताकडं बघत, कधी कधी रडत पडायची.

आईच्या मनगटावर पट्टी बांधली तो रविवार होता. "आंघोळीलासुद्धा काढायची नाही," नीलमनं बजावलं. आईच्या फोनमधलं ॲप तिनं आपल्या फोनला जोडून घेतलं, म्हणजे निपाणीचे आकडे रोज सकाळी बेळगावात दिसतील.

पहिल्या सकाळी : नीलम तीन तास पाच मिनिटं, आई सहा तास पस्तीस मिनिटं.

दुसऱ्या सकाळी : नीलम तीन चाळीस, आई सहा.

तिसऱ्या सकाळी नीलम चार तास पंचवीस मिनिटं झोपली होती. ते आकडा बघायच्या आधीच तिला कळलं होतं. तोंडाला चव होती. सौम्याची वेणी घालताना ती गुणगुणत होती, आणि सौम्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं होतं.

पुढं झोप रोज थोडी वाढतच गेली. आठवड्याच्या आत ती सहा तासांवर पोचली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली. चॅनलवर बायकांनी विचारलं, ताई, चेहऱ्याला काय लावता? ओमकार म्हणाला, "ह्या पट्टीत काय औषध आहे काय?"

"पट्टी नुसती मोजते," नीलम म्हणाली.

दहाव्या दिवशी ती आकड्यांचा तक्ता करत बसली होती. बाहेर ऊन लख्ख होतं, गेट पडलं होतं आणि रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते. तिला नुसती आईच्या झोपेची सरासरी काढायची होती. पण माऊस एका रकान्यानं चुकला आणि दोघींच्या झोपेची रोजची बेरीज समोर आली.

नऊ चाळीस. नऊ चाळीस. नऊ चाळीस.

दहा ओळी, आणि दहाही ओळींत नऊ तास चाळीस मिनिटं.

सूत्र चुकलं असणार, म्हणून तिनं ते पुसून पुन्हा घातलं. मग कागदावर हातानं बेरजा केल्या. आदल्या रात्रीचे तिचे सात दहा, आईचे दोन तीस. त्याच्या आधीचे सहा पन्नास आणि दोन पन्नास. कुठंही एका मिनिटाचा फरक नव्हता.

दोन्ही पट्ट्यांची खाती एकमेकांत मिसळली असतील, असं तिनं ठरवलं. पण कंपन्या वेगळ्या, ॲप वेगळी. तरी तिनं आपली पट्टी काढून पंचाची हातात घातली. दुसऱ्या सकाळी तिची झोप सात पस्तीस होती आणि आईची दोन पाच.

मग तिनं दोघींचे रात्रीचे आलेख एकावर एक ठेवले. झोपेचा पट्टा निळा, जागेपणाचा पांढरा. आईचा निळा तुकडा जिथं संपत होता, तिथंच तिचा सुरू होत होता. तीन बाराला ती पाणी प्यायला उठली होती, तर तीन बाराला आईचा डोळा लागला होता. तीन एकोणीसला ती पुन्हा झोपली, तर तीन एकोणीसला आई जागी झाली. करवतीचे दात करवतीत बसावेत तसे ते दोन आलेख एकमेकांत बसत होते. दोघी एकाच वेळी झोपल्या आहेत असं एक मिनिटही कुठं सापडेना.

तिनं आईला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "झोप लागते का गं आई?"

"लागती की. मला काय धाड भरलीया."

"खरं सांग."

"तू झोपतीस न्हवं?" जयाबाई म्हणाली. "मग झालं."

गुरुवारी चंपाबाईंचा फोन आला. चंपाबाई कधी उगाच फोन करणाऱ्यातल्या नव्हत्या. "नीलू, एकदा येऊन जा बघ," त्या म्हणाल्या. "तुझी आई रातभर दिवा लावून बसायलीया. काल कारखान्यात तिच्या अर्ध्या बिड्या बाद केल्या. सैल हाईत म्हने. जयाच्या बिड्या सैल, मी तर चाळीस वर्सांत आयकलं न्हाय."

शुक्रवारी सौम्याला शाळेत सोडून नीलमनं निपाणीची बस धरली. खिडकीशी बसली आणि हत्तरगी यायच्या आतच झोपली. अलीकडं डोळे मिटले की दिवा मालवल्यासारखी झोप यायची. तवंदी घाट उतरताना जाग आली तेव्हा खाली निपाणी दिसत होती आणि वाऱ्यावर तो ओळखीचा तंबाखूचा वास होता, नाकात आधी गोड वाटणारा आणि मग घशात उतरणारा.

आई उंबऱ्याशी बसली होती. सूप मांडीवर होतं, पण हात थांबले होते. बारा दिवसांत ती बारा वर्षं पुढं गेली होती. गाल आत गेलेले, डोळ्यांच्या कडा लाल आणि ओठ कोरडे पडून सालं निघालेली. नीलमकडं बघून ती हसली आणि म्हणाली, "रंग आलाय की गं तुला."

चंपाबाईंनी चहा आणला. "तासाभरामागं जरा डोळा लागला हुता हिचा," त्या म्हणाल्या. "लगेच दचकून उठली."

तासाभरापूर्वी नीलमनं बसच्या खिडकीला डोकं टेकलं होतं.

तिनं कप खाली ठेवला. तिच्यातली वस्तू तपासणारी बाई अजून जागी होती. तिनं आईला आतल्या खोलीत चटईवर झोपायला लावलं. आपण दाराशी भिंतीला टेकून बसली आणि चंपाबाईंना म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त बघत बसा. आम्हा दोघींकडं. नंतर सांगा काय दिसलं ते. मला काही विचारू नका."

जयाबाई आडवी झाली आणि झोपली. पाठ टेकली न टेकली तोवर तिचा श्वास खोल गेला, तोंड उघडं पडलं. नीलमनं शंभरपर्यंत मोजलं. परड्यात कोंबड्या उकरत होत्या. पत्र्यावर ऊन तापून कटकट वाजत होतं. शंभर झाले तेव्हा तिनं डोळे मिटले.

तिला वाटलं, आपण क्षणभरच डोळे मिटले. उघडले तेव्हा चंपाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"काय झालं?"

"तुझी मान कलली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आन् हिचं डोळं उघडलं. हलली न्हाय, काय न्हाय. नुसतं डोळं. छताकडं. मग तू दचकलीस तर तिचं मिटलं. पुन्ना तू पेंगलीस तर पुन्ना उघडलं. तीन बार झालं नीलू." मग त्यांनी विचारलं, "काय करायलाय गं तुम्ही मायलेकी?"

चंपाबाई कप उचलून गेल्या आणि परड्याचं दार त्यांनी आपल्या बाजूनं लावून घेतलं. ते दार नीलमच्या आठवणीत दिवसाढवळ्या कधी लागलं नव्हतं.

तिनं आईच्या हातातली पट्टी सोडली. स्वतःचीही काढली. जयाबाई मनगट चोळत उठून बसली.

"आई, हे कधीपासून चालू आहे?"

"तू ते बांधलंस तवापासनं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं?" जयाबाई म्हणाली. "तू म्हटलीस, ह्ये झोप मोजतंय. मी म्हटलं, मोजा बाबा. आनि जास्तीची असंल तर माझ्या लेकीला लागू दे. सात वर्सं झोपली न्हाय ती." तिनं सुपातला तंबाखू उगाच एकसारखा केला. "आई म्हंतीच की असलं. कुटली आई म्हनत न्हाय? खरं व्हतंय म्हनून कुनी म्हंतंय व्हय?"

"मग आता माघारी घे."

"घेतलं म्हनून घेता येतंय व्हय गं," जयाबाई म्हणाली.

त्याच दिवशी नीलम तिला टिळकवाडीला घेऊन आली. बसमध्ये ती दोन तास ताठ बसली, मांडीला चिमटे काढत. आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, सगळं ठीक म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. पट्ट्या कपाटात पडून होत्या, त्यांचाही काही संबंध उरला नव्हता. नीलम झोपली की आई उठून बसायची. नीलम उठली की आईची मान कलायची. मोजायला आता यंत्र लागत नव्हतं.

मग नीलमनं ठरवलं की आपण झोपायचंच नाही. आईला तिनं ते सांगितलं नाही. तीन दिवस ती जागी राहिली. आई रात्री झोपली, दुपारी झोपली, तिचा चेहरा भरला, तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः भाकऱ्या थापल्या. नीलमला कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी हलताना दिसायला लागलं. चौथ्या सकाळी उकळत्या भाताची पेज तिनं पातेल्यात गाळायच्या ऐवजी स्वतःच्या पायावर ओतली आणि पाय भाजल्याचं तिला जरा वेळानं कळलं.

ओमकार चिडला. "काय खूळ लावून घेतलंय तुम्ही दोघींनी?" तो म्हणाला. त्यानं पायाला मलम लावलं, बँडेज बांधलं आणि आठवड्याची रजा मिळत नाही म्हणून तोंड पाडून कामावर गेला.

बँडेज बघून जयाबाईला सगळं कळलं. तिनं अंथरुणाला पाठ लावायची नाही असं ठरवलं. रविवारी दुपारी, ओमकारची पाळी होती म्हणून तो घरात नव्हता, तेव्हा दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. दोघींच्या माना कलत होत्या. सौम्या खाली फरशीवर पोटावर झोपून चित्र रंगवत होती.

"तू झोप नीलू. तुझ्या मागं लेकरू हाय."

"तू झोप. तुझं वय बघ."

"माझं वय झालंच की. झोपून काय करायचंय मला?"

"आई, मी तुझ्या पाया पडते. आता तरी झोप."

सौम्यानं मान वर केली. तिच्या हातात हिरवा खडू होता. "मग तुम्ही दोघी झोपा की," ती म्हणाली. "मला तर झोपायला आवडतच नाही. तूच बळंबळं झोपवतेस. माझी झोप घ्या."

जयाबाईला हसू आलं. मग नीलमला आलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला. हसता हसता जयाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल गं, जरा आडवं तरी व्हूया."

दोघी एकाच पलंगावर आडव्या झाल्या.

ओमकार सात वाजता आला तेव्हा घरात दिवा नव्हता. आतल्या खोलीत मायलेकी एकमेकींकडं तोंड करून गाढ झोपल्या होत्या, आणि पलंगाशेजारी स्टुलावर सौम्या बसली होती. तो काही बोलणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

नीलमनं हे सगळं ओमकारच्या तोंडून ऐकलं आणि तिला भरून आलं. कपाटातल्या पट्ट्या काढून तिनं पुन्हा दोघींच्या हातात बांधल्या. सकाळी बघितलं तर तिचे साडेसात तास होते, आईचे सात वीस. दोघींचे निळे पट्टे शेजारी शेजारी, लांबच लांब. चौदा तास पन्नास मिनिटं. बेरीज मोडली होती.

बेरीज मोडली म्हणजे तो योगायोग होता, हे तिच्या मनानं लगेच धरलं. अशक्तपणा, काळजी, एकमेकींच्या जिवाला लावून घेतलेला घोर. एकदा असं मांडलं की सगळं त्यात बसत होतं. आठवड्यानं जयाबाई हट्टानं निपाणीला परत गेली. तिच्या बिड्या पुन्हा घट्ट यायला लागल्या. चंपाबाईंनी परड्याचं दार उघडलं.

नीलमनं तिन्ही पट्ट्यांचं परीक्षण करून टाकलं. कुठली बॅटरी किती दिवस चालते, कुठला पट्टा घामानं खाजतो, कुठली पट्टी बिड्या वळण्याला चालणं समजते. शेवटी ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "आकडे जुळायला लागले की माणूस घाबरतो. पण गणितात योगायोग होतात. शांत झोपा." तो व्हिडिओ चांगला चालला.

झोप वाढतच होती. आठ तास, पावणेनऊ. नीलम सकाळी अंगावरची गोधडी झुगारून उठायची तेव्हा लहानपणी सुट्टीत उठल्यासारखं वाटायचं. घरही कसं रुळावर आलं होतं. पूर्वी सौम्याला सातला उठवायचं म्हणजे लढाई असायची, गदागदा हलवायचं, पाणी मारायचं. आता एक हाक मारली की ती उठून बसायची. हाक पुरी व्हायच्या आत.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका माधवी टीचर म्हणाल्या, "जरा येऊन जाता का?"

नीलम गेली. सौम्या स्टाफरूमच्या बाहेर बाकावर बसली होती. गणवेशाचा कमरेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला होता आणि तरी तो सैल होता. नीलमला वाटलं, हे आपण कसं बघितलं नाही? रोज सकाळी फोन बघताना हिची वेणी आपणच घालत होतो.

"आज जिन्यावर पडली," माधवी टीचर म्हणाल्या. "लागलं नाही. पण मला दुसरंच दाखवायचं होतं." त्यांनी वही उघडली. फेब्रुवारीतली पानं गोल, टपोऱ्या अक्षरांची. नंतरची पानं उलटत गेलं तसं अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलं होतं, आणि शेवटच्या पानावर शब्द एकमेकांवरच लिहिले होते. "वर्गात पेंगत नाही हो ती. पेंगली असती तर मी समजले असते. ती नुसती बघत बसते. पापणी न हलवता. घरी झोप होते ना?"

"साडेनऊला झोपते," नीलम म्हणाली. "सातला उठवते मी."

साडेनऊ ते सात, म्हणजे साडेनऊ तास.

तिनं फोन काढला. आदल्या रात्रीचे आकडे समोर होते. तिचे नऊ तास. आईचे दहा तास दहा मिनिटं. एकूण एकोणीस तास दहा मिनिटं. त्यातून जुने नऊ चाळीस वजा केले की राहतात तेच साडेनऊ तास.

तिनं दोनदा वजाबाकी केली. टीचर काहीतरी बोलत होत्या, बालरोगतज्ज्ञाचं नाव सांगत होत्या. तिनं मान हलवली आणि सौम्याचा हात धरून ती बाहेर पडली.

हात हलका होता, आणि गार.

"रात्री तू झोपतेस ना, सौम्या?"

"डोळे मिटून पडते," सौम्या म्हणाली. "तू बघायला आलीस तर."

"आणि मग?"

"मग तू झोपलीस की उठते. चार वाजता दुधाची गाडी येते. बाबा दात खातात. समोरचे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहतात, रोज. मी त्यांना हात करते."

"किती दिवस?"

सौम्यानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. "आजी होती तेव्हापासून."

घरी पोचल्या तेव्हा चार वाजले होते. फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता. नीलमनं आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. आई झोपली असणार.

ती सोफ्यावर बसली. सौम्याला तिनं जवळ ओढून घेतलं, तिचे दोन्ही खांदे धरले आणि मोठ्यानं, स्पष्ट शब्दांत म्हणाली, "तुझी झोप तू परत घे. मला नको. आजीलाही नको. ऐकलंस? तुझी तू परत घे."

खोलीत काही हललं नाही. गेटाकडून गाडी गेली तिची धडधड खिडकीच्या काचेत उतरली आणि थांबली.

"मला पण नको," सौम्या म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता. "तू मग पुन्हा रडतेस."

"आज तू झोपायचंस. मी जागी राहणार."

"बरं," सौम्या म्हणाली.

नीलमनं डोळे ताणून उघडे ठेवले. समोरच्या भिंतीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. चार दहा. पायावरची भाजलेली जागा तिनं नखानं दाबली. तरी पावलांतून ते वर चढायला लागलं. ऊबदार, जड, गोड. पूर्वी जागं राहणं अवघड होतं, पण जमत होतं. आता हातही उचलेना.

"सौम्या," ती म्हणाली. "मला हाक मार. हाका मारत राहा."

सौम्यानं हाक मारली नाही.

ती सोफ्यावर गुडघे टेकून उभी राहिली आणि आईच्या तोंडावर वाकली. जवळून तिचे डोळे खूप मोठे दिसत होते, कोरडे, अगदी स्वच्छ.

मग नीलमच्या पापण्यांवर दोन लहान बोटं आली आणि त्यांनी त्या अलगद खाली ओढून मिटल्या.